तांबड्या शिरेची गारगोटी

“पण बाबाजी, मी जिंकलो होतो. मग पट मोडला कशासाठी?”

ज्या हाताने वाळूतला गड सपाट केला होता, तो हात सुमेरगीर गोसावी अंगावरच्या छाटीला पुसत बसला होता.

हैबतरावाने पुन्हा विचारले, “माझं काही चुकलं का?”

“तू सांग.”

“माझं काही चुकलेलं नाही.”

“बरं.”

म्हाताऱ्याने कमंडलू उचलला आणि आतले पाणी बेलाच्या बुंध्याशी ओतले. पाण्याबरोबर काळे खडे घरंगळत आले. पांढरा एकही नव्हता.

मोरकडा किल्ल्याच्या वाटेवर, नदीकाठी हा सुमेरगीराचा मठ. मठ कसला, महादेवाचे एक देऊळ, एक पडवी, मागे विहीर. म्हातारा तरुणपणी तलवार बांधून लढलेला गोसावी होता. किती फौजांबरोबर गेला आणि किती गडांखाली आपली माणसे ठेवून आला, हे त्याने कधी सांगितले नाही, आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मोहिमेवर निघालेला सरदार वाटेत इथे थांबे. पडवीसमोर नदीची वाळू पसरलेली असे. तिच्यात समोरचा गड उभा करायचा, वाटा आखायच्या, आणि लढाई आधी इथे लढून बघायची. पांढऱ्या गारगोट्या चढणाऱ्याच्या, काळे खडे गडावरच्या किल्लेदाराचे. एक खडा म्हणजे एक तुकडी. कोण पडला आणि कोण तरला, हा निवाडा बाबाजींचा.

आणि तिथली एक रीत होती. पडलेला खडा ज्याने पाडला त्याने आपल्या हाताने उचलायचा आणि कमंडलूच्या पाण्यात टाकायचा. एकदा पाण्यात गेलेला खडा त्या डावात परत येत नसे.

डाव संपला की बाबाजी सरदाराच्या कपाळाला धुनीतला अंगारा लावत. शिपाई लोकांचा त्या अंगाऱ्यावर भारी विश्वास. तो लागल्याशिवाय फौज नदी ओलांडत नसे.

हैबतरावाची फौज समोरच्या आमराईत तळ देऊन होती. परवा पहाटेचा मुहूर्त धरला होता. त्याला अंगारा हवा होता आणि लवकर हवा होता. वाळूतला हा डाव त्याच्या लेखी देवळात शिरण्याआधी पाय धुण्यासारखा होता. धुवायचे आणि आत जायचे.

त्यातून हैबतरावाला हरायची सवय नव्हती. खरे सांगायचे तर ती कोणी लागूच दिली नव्हती. घरात थोरला, फौजेत सरदार. बुद्धिबळाला बसला तरी समोरच्याचा वजीर आपोआप त्याच्या वाटेत येऊन उभा राहायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या भोवती सगळे मान डोलवणारे होते, आणि आपले बोलणे पटते म्हणूनच त्या माना डोलतात असे त्याला वाटत होते.

आजच्या डावात किल्लेदार झाला होता त्याचा धाकटा भाऊ रंभाजी. आता तो पटाच्या कडेला मांडी घालून बसला होता आणि नखाने वाळूत रेघ ओढत होता. कोणाकडे बघत नव्हता.

“डाव सरळ होता, बाबाजी,” हैबतराव म्हणाला. “मोरकड्याचा महादरवाजा पुढं. मागल्या अंगाला घळ. घळीच्या डोक्याशी माचीचा तट पडलेला. मी पुढं नगारे वाजवतो, धुरळा करतो. किल्लेदार सगळी माणसं दरवाजावर आणतो. रंभाजी निवडक गडी घेऊन अंधारात घळीतून चढतो, पडक्या तटातून आत शिरतो, दरवाजा आतून उघडतो. दिवस उगवायला गड आपला.”

“हं.”

“तसंच झालं. गड घेतला. आपण बघत होता.”

“बघत होतो. घळीत काय झालं?”

“घळीत… रंभाजीनं वर काळे खडे आणून ठेवले. वरून धोंडे सोडले म्हणाला. आमच्या गारगोट्या पडल्या.”

“कुठं गेल्या?”

“पाण्यात.”

“मग?”

“मग मी त्या काढून परत ठेवल्या,” हैबतराव म्हणाला. त्याच्या आवाजात थोडीही शरम नव्हती. “तसं होणारच नाही, बाबाजी. रंभाजी असा सापडायचा नाही. मी ओळखतो त्याला.”

“किल्लेदाराला ओळखतोस?”

“नाही.”

“हं…”

बाबाजींनी नदीकडे बघितले. पलीकडे आमराईत घोडी खिंकाळत होती, कुठेतरी भाकऱ्यांचा धूर वर चढत होता.

मग म्हातारा म्हणाला, “ऊठ. तिकडं बस.”

“कुठं?”

“गडावर.”

हैबतरावाला हे आवडले नाही. पण अंगारा म्हाताऱ्याच्या हातात होता. तो उठला, पटाला वळसा घालून गडाच्या बाजूला जाऊन बसला. रंभाजीने मुकाट्याने वाळू ओली केली, कडे उभे केले, घळ कोरली. मग सवयीने कमंडलू उचलून विहिरीवर गेला आणि भरून आणला. घरातली अशी कामे त्याच्याकडेच असायची, आणि ती त्याला कोणी सांगावी लागत नसत.

गारगोट्या मांडताना त्याने एक गारगोटी सगळ्यांच्या पुढे ठेवली. तिच्यात तांबडी शीर होती. सकाळी हैबतरावानेच ती नदीतून निवडून आणली होती. “ही तू,” असे हसत म्हणून त्याने ती भावाच्या हातात दिली होती. घळीतून पहिला चढण्याचा मान त्याने रंभाजीला दिला होता. दुसऱ्या कोणाला द्यायचे त्याच्या मनातही आले नव्हते.

“या, किल्लेदार,” बाबाजी म्हणाले.

हैबतरावाने मागे वळून बघितले. मग त्याच्या ध्यानात आले की हाक त्यालाच होती.

“आणि हैबतराव,” बाबाजी रंभाजीकडे वळून म्हणाले, “तुमचा बेत चालू करा.”

भावाचे नाव आपल्याला लागलेले ऐकून रंभाजीचे कान तांबडे झाले. पण त्याने बेत चालू केला. थोरल्याने सांगितला होता अगदी तसा, एका बोटाचाही फरक न करता. पुढे नगारे. मागे घळीच्या तळाशी पांढऱ्या गारगोट्यांची रांग.

हैबतरावाने गडावरचे सगळे काळे खडे गोळा केले आणि महादरवाजावर नेऊन ओतले. माचीवर एकही ठेवला नाही.

बाबाजींनी विचारले, “किल्लेदार, आपण झोपेत आहात का?”

“किल्लेदार असंच करील.”

“का?”

“नगारे ऐकून घाबरेल.”

“आपण घाबरला आहात?”

“मी?” हैबतराव ताठ झाला. “मी कशाला घाबरू?”

“किल्लेदार आपणच आहात.”

हैबतरावाला राग आला होता. मुद्दाम वेड्यासारखे खेळायचे आणि आपला बेत खरा करून दाखवायचा, हे म्हाताऱ्याने पकडले होते. त्याने दरवाजावरचे खडे पुन्हा मुठीत घेतले. आता त्याने ठरवले की दाखवूनच देऊ, किल्लेदार कसा असतो ते.

तो पटाकडे नव्याने बघू लागला. या बाजूने गड वेगळा दिसत होता. समोरून बघताना घळ कड्याच्या आड जायची, तिचे फक्त तोंड दिसायचे. इथून ती थेट तळापर्यंत दिसत होती. त्या बाजूने जी वाट वाटली होती, ती इथून नुसते एक अरुंद भांडे होती.

“पुढं गलबला मोठा आहे,” तो स्वतःशीच बोलावे तसे बोलू लागला. “पण शिड्या लागलेल्या नाहीत. कोणी तटाला भिडत नाही. नुसतेच नगारे… म्हणजे यांना मला इथं अडकवायचं आहे.”

बाबाजींनी धुनीतले लाकूड आत सारले.

“म्हणजे खरा माणूस मागून येतो आहे.”

त्याने थोडे काळे खडे उचलून माचीकडे नेले. रंभाजीने घळीतल्या गारगोट्या एक टप्पा वर सरकवल्या.

तेव्हा बाबाजींनी सहज विचारल्यासारखे विचारले, “किल्लेदार, एक सांगा. आपण शहाणे. गड बळकट, कोठारं भरलेली. मग माचीचा तो तट आपण पडका का ठेवला?”

“कोण लक्ष देतो मागल्या अंगाला,” हैबतराव म्हणाला. “राहून गेलं असेल.”

“आपलं राहून गेलं?”

हैबतरावाची नजर पडक्या तटावर गेली.

हेराने बातमी आणली तेव्हा तो केवढा खूष झाला होता. तट पडलेला आहे, गेल्या पावसाळ्यापासून तसाच आहे, वर चौकी नाही. त्याने त्या हेराला पागोटे बांधले होते. गड आपल्यासाठी दार उघडून बसला आहे असे तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

आता तो त्या दाराच्या आतल्या बाजूला बसला होता.

“राहून गेलं नाही,” तो हळू म्हणाला. “मी ठेवला.”

“कशाला?”

“कोणीतरी यावं म्हणून.”

रंभाजीचे वाळूतले नख थांबले.

हैबतरावाने उरलेले खडे उचलले. थोडे घळीच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंच्या कड्यांवर ठेवले. थोडे खाली झाडीत, घळीच्या तळाशी लपवले. पडक्या तटाशी एकही ठेवला नाही. तट तसाच मोकळा, ये म्हणणारा.

“येऊ द्या त्यांना,” तो म्हणाला. “सगळे आत येऊ द्या. पहिला माणूस तटाला हात लावील तोवर मी श्वाससुद्धा घेणार नाही.”

आणि खरे सांगायचे तर त्याला आता मजा वाटू लागली होती. असा डाव त्याला आजवर कोणी खेळू दिला नव्हता. इतकी वर्षे तो फक्त जिंकत आला होता. समोरच्याला खरोखर हरवणे ही वेगळीच गोष्ट होती.

रंभाजीने गारगोट्या वर सरकवल्या. सगळ्या घळीत आल्या. तांबड्या शिरेची गारगोटी पडक्या तटाला टेकली.

“आता,” हैबतराव म्हणाला. “खालचं तोंड बंद. वरून धोंडे.”

त्याने बाबाजींकडे बघितले.

बाबाजींनी मान हलवली. “पडले.”

हैबतरावाने मागची गारगोटी उचलली आणि पाण्यात टाकली. तिचा डुबुक आवाज झाला. तिच्या पुढची उचलली, टाकली. तिच्या पुढची. हात झरझर चालत होता, तो ओठांत हसत होता, आणि घळ खालून वर रिकामी होत चालली होती.

मग त्याच्या बोटांत तांबड्या शिरेची गारगोटी आली.

हात कमंडलूवर जाऊन थांबला.

बाबाजी वाट बघत राहिले. वारा पडला होता. बेलाचे एक पान वाळूवर येऊन पडले, ते कोणी उचलले नाही.

हैबतरावाने मूठ मिटली. गारगोटी नदीत सापडली तेव्हा थंड होती, आता भावाच्या हातात राहून कोमट झाली होती. वडील गेले तेव्हा हा रंभाजी एवढासा होता. हैबतरावाच्या घोड्यावर त्याच्या पुढ्यात बसून, आयाळ धरून झोपी जायचा. झोपेत त्याचे डोके भावाच्या छातीवर आपटायचे.

“टाका, दादासाहेब,” रंभाजी हळूच म्हणाला.

“दादासाहेब इथं कोण आहे?” बाबाजींचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. “इथं किल्लेदार बसले आहेत. पाडली त्यांनी. टाकतील ते.”

हैबतरावाने भावाकडे बघितले.

“रंभाजी.”

“जी.”

“तुला हे ठाऊक होतं?”

रंभाजीने मान खाली घातली. “जी.”

“कधीपासून?”

“हेराची बातमी आली, तेव्हापासून वाटत होतं.”

“आणि तू परवा त्या घळीत चढणार होतास.”

“जी.”

“मग बोलला का नाहीस?” हैबतरावाचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. “अरे, तोंड होतं ना तुला? माझ्यासमोर बसून जेवलास काल. एक शब्द… एक शब्द बोलता आला नाही?”

थोरल्याने बेत ठरवल्यावर धाकट्याने त्यात नख घालायचे नाही, हे त्यांच्या घरात कोणी कोणाला शिकवत नसे. ते दुधाबरोबरच पोटात जाई.

“बोललो होतो, दादासाहेब,” रंभाजी म्हणाला. “सकाळच्या डावात.”

सकाळी त्या घळीवर काळे खडे ठेवताना रंभाजी पुन्हा पुन्हा भावाकडे बघत होता. तेव्हा हैबतरावाला वाटले होते, पोरगा खेळात रंगला आहे. आणि त्याने हसत हसत, पाण्यात बोटे घालून, भावाचे ते बोलणे एक एक करून बाहेर काढून टाकले होते. ओल्या गारगोट्यांचे डाग वाळूवर पडले होते. तेही त्याने बघितले होते. ते वाळेपर्यंत सगळे बसून होते, आणि कोणी काही म्हणाले नव्हते.

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्याने पुसले नाही.

त्याने कमंडलूवर मूठ धरली. बोटे उघडायला फार वेळ लागला. गडावर चढून जाण्यापेक्षा ते अवघड होते, असे त्याला वाटले.

डुबुक.

पांढऱ्या बाजूला आता घळीत काही नव्हते. पुढे नगाऱ्यांची माणसे तेवढी उरली होती, ज्यांना अजून काही कळलेले नव्हते.

“गड राहिला,” बाबाजी म्हणाले.

हैबतराव उठला. पटाला वळसा घालून बाबाजींच्या समोर आला आणि गुडघे टेकून बसला. त्याने पागोटे मागे सारून कपाळ पुढे केले. दुसरे काय करावे हे त्याला सुचत नव्हते.

“अंगारा द्या, बाबाजी.”

म्हाताऱ्याने धुनीत बोट घातले. राख घेतली. मग बोट तसेच हवेत धरून त्याने विचारले, “कोणाला देऊ? गड राखला त्या किल्लेदाराला, की भाऊ घालवला त्या हैबतरावाला?”

हैबतरावाचे कपाळ तसेच पुढे राहिले, रिकामे.

बाबाजींनी बोटावरची राख फुंकून टाकली.

पलीकडच्या तळावर कोणीतरी तुतारी फुंकली. दुपारच्या हजेरीची वेळ झाली होती. माणसे सरदाराची वाट बघत असतील. कपाळावर अंगारा घेऊन तो येईल, आणि मग तंबू उतरवायचे. पुन्हा असा मुहूर्त लवकर नव्हता, मुहूर्त काढणाऱ्या जोशीबुवांनी तसे बजावून सांगितले होते. आज कोऱ्या कपाळाने परत जायचे म्हणजे सगळ्या फौजेपुढे मान खाली घालून जायचे.

“परवाचा मुहूर्त टळेल,” हैबतराव म्हणाला.

“टळेल.”

“लोक हसतील.”

“हसतील.”

हैबतरावाने कमरेची तलवार सोडली आणि पडवीच्या खांबाला टेकवून ठेवली. पागोटे उतरवून तिच्यावर ठेवले. तो परत पटाला वळसा घालून गेला आणि गडाच्या बाजूला, किल्लेदाराच्या जागी बसला.

“रंभाजी,” तो म्हणाला, “हैबतराव तूच राहा. आता बेत तुझा. मला विचारू नकोस.”

“आणि तुम्ही, दादासाहेब?”

“मी तुला वर येऊ देणार नाही. जीव तोडून अडवीन. तू मात्र ये.”

रंभाजीने भावाकडे बघितले. त्याच्या आयुष्यात थोरल्याने त्याला पहिल्यांदाच आपल्याविरुद्ध वागायला सांगितले होते. त्याने वाळूवर हात फिरवला आणि घळ बुजवून टाकली. मग उत्तरेच्या कड्याकडे, जिकडे सकाळपासून कोणी बघितलेही नव्हते, तिकडे तो बघत राहिला.

गारगोट्या पाण्यात होत्या. नवा डाव मांडायचा तर त्या काढायला हव्या होत्या. बाबाजींनी कमंडलू उपडा केला. पांढऱ्या गारगोट्या वाळूवर पसरल्या, पाणी बेलाकडे वाहत गेले. तांबड्या शिरेची गारगोटी लोळत जाऊन रंभाजीच्या गुडघ्यापाशी थांबली.

रिकामा कमंडलू बघून रंभाजी सवयीने उठू लागला.

बाबाजींनी त्याला हातानेच बसवले आणि कमंडलू हैबतरावापुढे धरला.

“विहीर मागं आहे. काठोकाठ भरून आण. अजून पुष्कळ माणसं इथं मरायची आहेत.”